उसनं नाक

लुबोमीर म्हातारा सहाव्या मजल्यावरून
हीटरच्या नळीवर चमच्याने तीन ठोके द्यायचा.
म्हणजे माझं नाक त्याला हवं असायचं.

ओस्त्रावात तेव्हा हिवाळाभर हवेला कोळशाची चव.
तीस वर्षं तो साच्याच्या यंत्रापाशी उभा होता:
बादल्या, कंगवे, खेळण्यातल्या मोटारींची चाकं
गरमागरम पडायची त्याच्या हातमोज्यांत.
निवृत्त झाला तेव्हा घड्याळ मिळालं.
वास त्याआधीच कधीतरी गेला होता,
त्याची नोंद कुणी केली नाही.

मुलगी परदेशी जाताना पाल ठेवून गेली.
ठिपक्यांची, शेपटीला जाड,
नाव श्वेस्तका, म्हणजे आलुबुखार.
काचेची पेटी परवडेना. त्याने प्लास्टिकचा डबा आणला,
उलटा करून तळ वाचला, कुणाचा हात पाहावा तसा:
"त्रिकोणात पाच. ही जात शब्दाला जागते.
पण असला माल मीच काढलाय. विश्वास कसा ठेवू?"

छिद्रं पाडली. एकेकीची कड कानशीने घासली,
वरून जुना लोकरी मोजा फिरवला.
धागा अडकला की पुन्हा कानस.
खाली गरम चटई, आत थर्मामीटर, बत्तीस अंश.
रिकामा डबा तापत राहिला,
पाल बुटांच्या खोक्यात, गरम पाण्याच्या पिशवीला टेकून.

शाळेतून आलो की मी डोकं आत घालायचो.
"कसला?"
पहिल्या दिवशी: नव्या चपलांचा.
दुसऱ्या दिवशी: न्हाणीघरातल्या पडद्याचा.
तिसऱ्या दिवशी खाली पोरं हॉकीला थांबली होती.
म्हटलं, "कसलाच नाही."

तो गप्प. मग म्हणाला,
"तिला ओरडता येत नाही.
मला कळत नाही.
मधे तू एकटा."

मी पुन्हा वाकलो. पार कोपऱ्यापर्यंत.
"आहे," म्हटलं. "थोडासा. गोडसर."
त्याने झाकण काढलं, डबा गॅलरीत बर्फात ठेवला,
आत येऊन मला दोन बिस्किटं दिली.
रागावला असता तर बरं झालं असतं.

अकराव्या दिवशी खरंच कसलाच नव्हता.
श्वेस्तका आत उतरली, भिंतीला जीभ लावली,
थांबली, परत लावली.
आम्ही दोघं श्वास रोखून.

तो पुढे सहा वर्षं जगला. ती चौदा,
त्यातली आठ माझ्याकडे,
त्याच डब्यात.