निरंक

हुपरीच्या दवाखान्यात मंगळवारी
बायका येतात पैंजणांचे जोड अर्धे टाकून,
नखांच्या कडेला चांदीची काळी पूड.
मी एकेकीच्या हातात पिशवी देते :
एक काडी, एक नळी.
पडद्यामागं जायचं, आपलं आपणच घ्यायचं,
काडी फिरवत दहापर्यंत मोजायचं.
नळीवर नाव नाही. नुसत्या रेघा.

"नाव न्हाई ते बरं," सुगंधा कुंभोजे म्हणाली.
"पर पोरीला सुई टोचलीसा की शाळेत.
मग आता माझं कशाला बघतासा?"

मी सांगितलं, सुई एका दंडात जाते,
तिचा हिशोब अख्ख्या गावात लागतो,
आणि लागायला वर्षं जातात.
सांगितलं, आम्ही सोळा शोधतो आणि अठरा शोधतो.

"मला वाटलं वय इचारतीस.
सोळाव्याला लगीन, अठराव्याला थोरली."

फॉर्मवर यासाठी रकाना नाही.

बर्फाचा डबा जीपमधून कोल्हापूरला येतो
गुळाच्या पोत्यांशेजारी बसून.
मशीन रात्रभर गुणगुणतं.
सकाळी पडद्यावर रेघ, गेल्या वर्षीच्याच उंचीवर.
ती एवढ्यात खाली यायची नाही :
ज्यांच्यासाठी उतरायची
त्या पोरी अजून नववीत आहेत,
दंड दुखतो म्हणून पीटीला सुट्टी मागतायत.

शेजारच्या गावातून या महिन्यात
एकही नळी आली नाही.
बाबर साहेब घड्याळ बघत म्हणाले,
"निरंक लिहा आणि पाठवा, साडेपाच वाजले."

साहेब,
निरंक म्हणजे बघितलं, आणि नव्हतं.
हे नुसतं कोरं आहे.

माझ्या आत्याचे कागद असेच कोरे होते
शेवटचा सोडून.
सीपीआरच्या पायरीवर तिनं तो पदरात बांधला,
परतीच्या तिकिटाबरोबर,
आणि म्हणाली, "आधी कुनी इचारलंच न्हाई की गं."
तक्रार नव्हती. नुसती माहिती दिल्यासारखं.

हे मी साहेबांना सांगितलं नाही.
रकान्यात लिहिलं : नमुने अप्राप्त.
ते म्हणाले, वरून फोन येईल.
येऊ दे.

आज एका नळीत सोळा सापडला.
ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, रेघांना चेहरा नसतो.
झाकणाजवळ अंगठ्याचा ठसा होता, काळा,
चांदीच्या पुडीचा.
मी तो दिव्याखाली धरला, धरायला नको होता,
आणि आठवत बसले कोणाचा अंगठा.

पण तिथं सगळ्याच बायकांची बोटं तशीच.

आता नंबरावरून फोन जाईल,
पाकीट जाईल, पुढची तपासणी,
वेळेत सापडलंय, हे वाक्य दोनदा म्हणायचं.
त्याआधी पहिल्या एसटीनं
त्या कोऱ्या गावाला जायचं.
पिशव्या मोजल्या : चाळीस.
एक जास्तीची घेतली,
स्वतःसाठी. तीही तीन वर्षं राहिलीय.