झडती

चेंबर तीनचं तापमान आम्ही उघडं ठेवलं होतं.
म्हणजे ऑब्जेक्टमधला एक आकडा,
प्रोग्रॅमच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणीही यावं,
पुसावा, नवा लिहावा.

धात्रकने रात्री सव्वाअकराला
अहवालाच्या कोडमध्ये, चाचणीपुरता,
चाळीस लिहिला
आणि काढायचा राहिला.
कंप्रेसरने आज्ञा पाळली. गप्प झाला.

पहाटे पाचला पिंपळगावहून कारभारी पिंगळ्यांचा फोन.
सोळा टन थॉमसनला घाम फुटलाय.
ओरडले नाहीत.
"ताई, आतून कडी नव्हती का?"
एवढंच.

अंबडच्या गाळ्यात, चहा न घेता,
मी त्या आकड्याआधी एक शब्द टाकला: प्रायव्हेट.
वाचायचाय? गेटरला विचारा.
बदलायचाय? सेटरकडे या.
तो बघेल शून्य ते चारमध्ये बसतोय का,
नाहीतर परत पाठवेल,
कोण आलं होतं, किती वाजता, लिहून ठेवेल.

धात्रक म्हणाला, मॅडम,
एका आकड्यासाठी दोन दरवान?

माझे वडील एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
जाताना झडती, निघताना झडती,
रिकामा डबासुद्धा उघडून दाखवायचा.
आम्ही विचारायचो, आज किती नोटा छापल्या?
ते विचारायचे, भाजी कसली आहे?

कुठलाही प्रश्न टाका,
पगार, गुडघा, काकांशी मोडलेलं बोलणं,
बाहेर एकच उत्तर यायचं: ठीक.
आत खरा आकडा किती,
ते फक्त त्यांच्याच आतल्या माणसाला ठाऊक.
मी कोडमध्ये जे आज शिकवते
ते घरात मला कधी आवडलं नाही.

गेल्या महिन्यात आई बिटकोत होती.
संध्याकाळी ते डबा देऊन परतले.
कशी आहे?
"बरी आहे."
खाल्लं?
"खाल्लं ना."

मग चप्पल काढता काढता
दारातच थांबले.
समोर मी उभी, वाट अडवून,
आणि हाताला कसली जुनी आठवण झाली कोण जाणे,
कुणी न सांगता त्यांनी डब्याचं झाकण उघडलं,
माझ्यापुढे धरलं.

दोन भाकरी. चार घड्यांच्या, जशाच्या तशा.
मेथीला हातही नाही.

त्यांनीही पाहिलं, मी पाहिलेलं.
मी बाजूला झाले.
आत जाऊ दिलं.