रंगी

शरणपूरच्या जुन्या दफनभूमीचं फाटक रंगवायला
मोंबासाहून सातजण आले, मिशनच्या कामाला, जानेवारीत.
नाशिकला थंडी असते
हे कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.
मी घरोघर फिरून स्वेटर गोळा केले.
सहा मिळाले.
सातवा माझा, कोपरावर रफू केलेला,
तो रेहेमाच्या वाट्याला आला
आणि तिला तोकडा झाला.

पहिले दोन दिवस जमलं नाही आमचं, खोटं कशाला बोलू.
त्यांची प्रार्थना उभ्यानं, टाळ्यांसकट,
पाऊण तास.
आमची बसून, डोळे मिटून, पोटातल्या पोटात.
खजिनदार ओहोळमामा पुटपुटले,
देव काय बहिरा आहे?
मी भाषांतर केलं नाही.
मलाही तेच वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी ती शिडीवर, मी खाली डबा धरून.
तिनं ब्रश खाली केला, म्हणाली, रंगी.
मी वर बघितलं.
रंग?
रंगी!
मग आम्ही थांबेचनात.
साबणाला सबूनी, गाडीला गारी,
पैशाला पेसा, हिशेबाला हेसाबू
(इथं ओहोळमामांनीही वहीतून मान वर केली),
चहाला चाय, चपातीला चपातीच,
आणि दुनियेला दुनिया.
तुझ्या नावाचा अर्थ काय गं?
ती शिडीवरच विचारात पडली.
चूक आपलीच असते, म्हणाली,
आणि तरी कुणी हात उगारत नाही, ते.
म्हटलं, म्हणजे दया.
आमच्या गल्लीत तीन आहेत. एक मी.

संध्याकाळी तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.
आजीचे आजोबा पोरगं होते,
गुलामांच्या गलबतातून सोडवून इथं आणलेले.
इथं सुतारकी शिकले, वाचायला शिकले, परत गेले.
बहीण होती धाकटी. ती गेली नाही.
आम्ही टॉर्च घेऊन ओळीनं दगड वाचले,
शेवाळ नखानं खरवडत.
साळवे, भालेराव, कुणी मेरी वय वर्षं दोन,
कुणाचा नुसता कोपरा.
नाही सापडली.
कुंपणाजवळच्या एका दगडावर अक्षरच उरलं नव्हतं.
रेहेमा तिथं थांबली.
हीच, असं धरू?
मी म्हटलं, धर.
मग तिनं सुरू केलं, मोठ्यानं, तिच्या भाषेत.
माझा गुडघा ठणकत होता.
बसले नाही.

पहाटेच्या गाडीनं गेले ते.
फाटक हिरवं झालंय, जरा भडकच.
अर्धा डबा जिन्याखाली आहे, त्यावर साय धरलीय.
स्वेटर तिनं दिला नाही, मी मागितला नाही.
तिकडं त्या उकाड्यात काय करणार ती त्याचं,
मुलगा विचारतो.
परवा फोनवर दिसला मला,
तिच्यामागं खुर्चीच्या पाठीवर,
पंख्याच्या वाऱ्यानं एक बाही हलत होती,
रफू केलेली.