वाडीची कुऱ्हाड

घरटी चाळीस रुपये, चोवीस घरं.
दोघांचे यायचेत, त्यांची नावं वहीत आहेत.
जुनीचं नेढं फाटलं गेल्या श्रावणात,
रात्री दोन वाजता, जिवाजीच्या आंब्यावर,
बॅटऱ्यांच्या उजेडात.
उरलेलं लाकूड शेजारच्या वाडीच्या कुऱ्हाडीने तोडलं
आणि ते कोणालाच बरं वाटलं नाही.

म्हणून मला धाडलं कुडाळला.
जन्मभर एस.टी.त तिकिटं फाडली,
लोखंडातलं मला काय कळतं, म्हणालो.
'तुका हिशेब कळता,' लाडू गावडा म्हणाला, 'तेवढा पुरे.'

पुना मेस्त्रीने चार मांडल्या पुढ्यात.
रंगवलेली मी आधीच बाजूला सारली,
रंगाखाली काय असतं ते डेपोत बघून झालंय.
उरलेल्यांना नखाने टिचकी मारली.
एक मडक्यासारखी बदकली. दुसरी बोललीच नाही.
तिसरीचा नाद राहिला,
घंटा वाजवून झाल्यावर हात वर तसाच राहतो, तेवढा वेळ.
'ट्रकाचो पाटो,' मेस्त्री म्हणाला. 'पाणी मियाच पाजलंय.'
धारेला वाळक्या गवताचं पिवळं, मग जांभळं,
मग निळं, मग नुसतं काळं.
एक डोळा मिटून नेढ्यातून पाहिलं :
समोरच्या दुकानातली बाई मिरच्या निवडताना
सरळ दिसली.
दांडा धामणीचा, वेगळा ठेवलेला,
शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेलेली,
गाठ एकच, तीही मुठीच्या खाली.
नऊशे सांगितले. आठशे वीस दिले. पावती घेतली.

बसमध्ये मांडीवर आडवी, पात्याला गोणपाट.
कंडक्टर पोरगा म्हणाला, 'आजोबा, हिचं अर्धं तिकीट?'

संध्याकाळी मांडावर सगळे जमले.
हातात घेतली की जो तो गप्प होई.
बाबलने जड म्हणून परत दिली, मग पुन्हा मागितली.
सिंधूवयनीने धारेवर अंगठा आडवा फिरवला,
विळीवर फिरवते तसा,
आणि पदराला पुसला, लागलं नव्हतं तरी.
कशासाठी आणली ते कोणी बोललं नाही.
बोलले ते पाचरीबद्दल,
खैराची की लोखंडाची,
तासभर.

मग गुणाजी आला काठी टेकत.
आपला आंबा त्याने दोन वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलाय,
विहिरीकडचा रायवळ, वीज पडून अर्धा वाळलेला.
त्याने दांडा नाही धरला. मान धरली,
वासराची धरावी तशी,
आणि चार बोटांवर तोलली.
माथा जरा खाली गेला, जाणारच.
'आंबो हलको,' म्हणाला. 'हेका जड जावचो नाय.
आधी फांदये, बुंधो मागसून.
आणि पावसात नको रे.'
ते मी वहीत लिहिलं नाही.

माझ्या पडवीत ठेवायची, खोबरेल लावून, असं ठरत होतं.
गुणाजीच म्हणाला, टांगून ठेवलात तर
खारो वारो म्हयन्यात खायत तिका.
न्हाणयेची लाकडां फोडा तिना.

तेव्हापासून ती फिरते घरोघर.
आता मला विचाराल कशी आहे, तर
ऐनाचा वाळका ओंडका तिसऱ्या घावात उलतो,
पातं अडकत नाही,
कोपरापर्यंत झिणझिण्या येत नाहीत.
दांडा मात्र अजून परका,
हात कुठे धरावा ते दर वेळी शोधतो.
मुठीजवळ काळसर होऊ लागलाय
चोवीस घरांच्या घामाने.
दोन घरांचे चाळीस-चाळीस अजून येणे आहेत.

परवा ती गुणाजीकडे होती.
नातवाने लाकडं फोडली, पाणी तापवलं,
म्हातारा कढत पाण्याने न्हाला,
आणि दिवेलागणीला स्वतः घेऊन आला,
पातं पुसून, काठीसारखी टेकत.
'बरी आसा,' म्हणाला.
'पण धार वायच काढून ठेव.'