मानस

सांतिनेजला, दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर माझी खोली.
दिवसाढवळ्या अंधार, एसी बाविसावर,
आणि भिंतीवर कायद्यानं लावलेली पाटी:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
पिएदाद फुर्ताद, वय एकसष्ट, गाव चोडण,
अक्षर अक्षर लावून पाटी वाचते, हसते,
"म्हज्या पोटांत आतां कितें आसतलें, दोतोर?"

मी जेल कोमट करून ठेवते.
तेवढंच माझ्या हातात.

करड्यावर करडं. डावा बीजकोश नऊ सेंटिमीटर, भरीव.
उजवाही भरीव, थोडा लहान.
सोबतच्या चिठ्ठीवर दोन प्रश्नचिन्हं
आणि पेन्सिलीनं लिहिलेली, सोमवारची, ऑपरेशनची तारीख.

मग रंग चालू करते.
लाल म्हणजे माझ्याकडे येणारं, निळं म्हणजे दूर जाणारं,
बाकी काही नाही;
शिकाऊ पोरांना हे दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं.
आणि मग आवाज.

ती मान वळवते.
"मानशीचो आवाज हो."

नवऱ्यामागं चोडणच्या बांधावरची मानस तीच सांभाळते.
भरती आली की लाकडी दारं आपसूक मिटतात,
ओहोटीला उघडतात,
मग रात्रीचे दीड असोत की अडीच,
ही कंदील घेऊन तोंडाशी जाळं लावते.
पाण्याची चाल तिला माझ्याहून जास्त कळते
हे मी मान्य करायला हवं.
कारण अर्धा मिनिट ऐकून ती म्हणाली,
"दार धांपना हें."

दार मिटत नाही.
पडद्यावर तेच लिहिलेलं होतं, आकड्यांत:
शून्य दशांश तीन सात.
काळीज दोन ठोक्यांमध्ये विसावतं
तेव्हा शहाणी धमनी आवळून धरते, प्रवाह ओसरतो.
घाईत बांधलेल्या धमनीला स्नायूच नसतो,
तिथं विसाव्यातही रक्त धावतच राहतं.

इथवर ठीक. इथवर मी रोज पोचते.

पण डाव्या गाठीच्या कडेवरून
एक जाड धमनी आत शिरली होती,
सरळ मध्यापर्यंत, आणि तिथं तिला फांद्या फुटलेल्या.
बीजकोशात जन्मलेली गाठ सहसा असं झाड लावत नाही,
तिचे ओहोळ विस्कटलेले, इकडेतिकडे.
सहसा. हा शब्द माझ्या अहवालांत फार येतो.

मी प्रोब तसाच धरून विचारलं,
"पिएदादबाय, जेवण जातं का?"
"वर्स जालें, सोडो घेतां. पोट जळटा.
हालींच पेज लेगीत वचना."

म्हणजे ही इथली नव्हे. वरून आलेली, जठरातून.
भायली, असं आमच्याकडे चहाच्या गाड्यावर
किती सहज म्हणतात.
माझे आजोबा बांद्याहून आलेले,
तो शब्द मी जपून वापरते,
अहवालात तर वापरतच नाही.
तिथं लिहिलं:
दोन्ही बाजूंना भरीव गाठी. मध्यवर्ती मुख्य धमनी, झाडासारखी.
प्रतिरोध कमी.
मूळ अन्यत्र असण्याची शक्यता;
शस्त्रक्रियेआधी जठराची एंडोस्कोपी करावी.
'आधी'खाली रेघ मारली.
सोमवारचं मी स्वतः फोन करून सांगेन.

ती टिश्यूनं पोट पुसत होती, नीट, बेंबीपर्यंत,
जणू कुणाचं तरी भांडं परत द्यायचंय.
"बरें?" तिनं विचारलं.
"अजून एक तपासणी लागेल. घशातून नळी घालतात."
"ओहोटी तीनाक," ती म्हणाली, "फेरी चुकता न्हय?"

चपला घालताना उंबऱ्याशी थांबली.
"फाल्यां तुका सुंगटां हाडटां. दर्याचीं न्हय, मानशीचीं."

नको म्हणायचं राहून गेलं.
पुढची पेशंट आत येऊन पाटी वाचत उभी होती.