अधिक, उणे

टाम्पेरेत तीनलाच अंधारलं.
कपाटामागे पोटावर पडलेला रेइयो म्हणतो,
"साइमी, टॉर्च जरा खाली."
शेजारची नऊ वर्षांची साइमी
जांभई गिळून टॉर्च खाली धरते.

डावा स्पीकर हाताशी, उजवा पार खिडकीपाशी.
तरी दोन्ही वायरी साडेचार मीटरच कापल्या त्याने.
"फरक ऐकू येतो?"
"नाही गं. पण एकीला कमी का द्यायचं?"

ब्लेड फिरवायचं ते प्लास्टिकवर,
तांब्याला न दुखवता.
एक तार तुटलीच. ती त्याने खिशात ठेवली.
उरलेल्या पिळल्या, वात वळावी तशा.
लाल. काळं. घट्ट.

गाणं लागलं,
आणि गाणारी बाई कुठेच उभी नव्हती.
आवाज भिंतींना चिकटलेला, खर्ज पळालेला.

"एकीकडे अधिकाला उणे लावलंय मी.
एक पडदा पुढे येतो
तेव्हाच दुसरा मागे सरतो."

"आमच्या घरीपण असंच,"
साइमी म्हणाली.

रेइयोने अँप बंद केला.
बराच वेळ स्क्रूच शोधत राहिला,
हातातलाच.
मग काळ्याच्या जागी लाल.

आता ती येऊन उभी राहिली
दोघांच्या मधोमध, जिथे काहीच नाही,
रेडिएटरवर वाळणाऱ्या मोज्यांच्या
जरा वर.

साइमीने टॉर्च तिकडे वळवला.