मधला आकडा

मेर्ना कोस्केलाचे तीन आकडे
सकाळी नऊ वीसला माझ्या पडद्यावर उतरले.
सहाशे एक्केचाळीस. सहाशे एकोणीस. पाचशे अठ्ठ्याऐंशी.
तीन दप्तरांनी एकाच बाईला तीनदा तोललं
आणि तीनदा ती वेगळी भरली.
वरचा सोडायचा, खालचाही सोडायचा,
मधला धरायचा, असा नियम.
बँकेला हवे होते सहाशे वीस.

एका गुणासाठी शाळेत
बाई पेपर पुन्हा उघडून बघतात.
इथे बाई म्हणजे मीच,
आणि लाल पेन माझ्या हातात नाही.

ती समोर बसली होती, हातमोज्यांवर मिठाचे पांढरे डाग,
टेबलावर शाळेच्या बसच्या किल्ल्या.
सतरा हिवाळे ती डलूथच्या उतारांवरून
दुसऱ्यांची मुलं खाली आणते आहे,
बर्फावर ब्रेक दाबायचा नसतो, हे पायाला शिकवून.
त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

मी वाचत गेले.
भावाच्या ट्रकला ती जामीन राहिली;
भावाने दोन हप्ते चुकवले, तिसऱ्याला राज्यच सोडलं.
मनगट मोडलं तेव्हाचे एकशे चौदा डॉलर,
जुन्या पत्त्यावर वर्षभर दार ठोठावत राहिलेलं बिल.
आणि एक कार्ड, नको ती सवय म्हणून
तिने स्वतः फोन करून बंद केलेलं.
"तेच नडलं," मी म्हटलं.
"ते गेल्यावर उरलेल्या कार्डावरची उधारी
एकदम मोठी दिसायला लागली."
"उधारी तेवढीच आहे ना?"
"तेवढीच आहे."
ती खिडकीकडे बघत राहिली.

मग पिशवीतून तिने बिस्किटांचा डबा काढला.
आत भाड्याच्या पावत्या, अकरा वर्षांच्या, रबर लावून.
प्रत्येकीवर घरमालक हॉगेनची तिरकी सही,
एका जानेवारीत पेनमधली शाई गोठली म्हणून पेन्सिलीने.
एकशे बत्तीस महिने, एक दिवस उशीर नाही.
"हे कुठे लिहायचं?"
मी अर्ज वरखाली केला, उगाच,
रकाना नाही हे माहीत असताना.

तिला मी सांगितलं नाही
की माझा आकडा आठशे तीन आहे.
सोळाव्या वर्षी वडिलांनी त्यांच्या कार्डावर माझं नाव चढवलं,
कार्ड मात्र कपाटातच ठेवलं.
मी गणितात नापास होत होते, दुपारपर्यंत झोपत होते,
आणि तिकडे माझी पत
दुधावर साय धरावी तशी
आपोआप धरत होती.

घर टेकडीवर आहे. निळं स्वयंपाकघर,
बेसिनपाशी उभं राहिलं की तळ्यावरचा पूल वर जाताना दिसतो.
पडद्यांची मापं तिने आधीच घेतली होती,
चेकबुकच्या मागच्या पुठ्ठ्यावर.
विकणाऱ्याने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती.
तो मंगळवार होता.

वसुलीवाल्यांच्या फोनवर चाळीस मिनिटं
एकच बासरी ऐकली आम्ही दोघींनी.
पैसे भरले. नोंद चुकीच्या पत्त्यावर गेली होती,
काढून टाकतो, असं त्यांचं पत्र मागवलं.
आकडा पुन्हा मोजायला
कामाचे पाच दिवस.
शनिवार-रविवार कामाचे नसतात.

पुढच्या मंगळवारी आला: सहाशे चौतीस.
घर शनिवारीच गेलं होतं.

मी फोन केला तेव्हा ती शाळेबाहेर गाडी लावून बसली होती.
मागे पोरांचा गोंधळ, कुणाची तरी टोपी हरवलेली.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग विचारलं, दुधाच्या पिशवीवरची तारीख विचारावी तसं,
"हा आकडा किती दिवस टिकतो?"
"अहवाल एकशे वीस दिवस चालतो," मी म्हटलं.
"म्हणजे बर्फ वितळेपर्यंत," ती म्हणाली,
"आणि तोवर मी नवं काहीही विकत घ्यायचं नाही. टोस्टरसुद्धा."
"हप्त्यावर नाही."
"बरं. थांब, मुलं चढताहेत."

आणि बसचं दार बंद झाल्याचा
तो लांब सुस्कारा.